रुमालाखालचा हात

भानामती, अंगात येणं, स्वप्नात येऊन कुणी काही सांगणं, यातलं मी काहीच मानत नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मला कुणी भोळा समजणार नाही. सत्तावीस वर्षं मी नेकनूरच्या बाजारात बैलांचे सौदे केले. आमच्या धंद्यात माणूस काय बोलतो याला किंमत नसते. जनावराचे दात बघायचे, खूर बघायचे, चार पावलं चालवून बघायचं. कुणी माझ्यापुढं भूत आणून उभं केलं असतं, तरी मी आधी त्याचे दात मोजले असते.

आता धंदा बंद केलाय. बीडला पेंडीचं दुकान आहे, माझं स्वतःचं, कुणाच्या बापाच्या जिवावर उभं केलेलं नाही. स्वभाव तापट आहे, हे घरचे सांगतील त्याआधी मीच सांगतो.

पुढचं कळायला दोन गोष्टी माहीत हव्यात.

पहिली बाजाराची. बैलांच्या बाजारात जुने लोक भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा शेजारी बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. दोन बोटं धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. शेकडा की हजार, ते दोघांनाही जनावर बघूनच कळतं. चारचौघांत बसून सौदा होतो आणि शेजारच्याला पत्ता लागत नाही. मी ही भाषा आबांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून, दहाव्या वर्षी शिकलो.

दुसरी गोष्ट माझ्या आजोबांची. संतराम त्यांचं नाव. तेही हेडी, म्हणजे बैलांचे व्यापारी. आमचं मूळ गाव तलवाड्याच्या पुढं, नाव लिहीत नाही. रझाकारांच्या धामधुमीत गावातल्या तीन घरांनी आपापली बैलजोडी विकायला आजोबांच्या हवाली केली. तीन जोड्या आणि आजोबांचा स्वतःचा एक बैल, एका शिंगाचा, अशी सात बैलं घेऊन ते नेकनूरच्या बाजाराला म्हणून निघाले. आले नाहीत. माणूस नाही, बैल नाही, निरोप नाही. आमची माणसं नेकनूरच्या वाटेवर गावोगाव विचारत फिरली. कुणी त्यांना पाहिलंच नव्हतं.

मग गावानं ठरवून टाकलं — संतरामनं सात बैलं विकली आणि पळून गेला. आजीनं आणि चुलतआजोबांनी घरातलं होतं नव्हतं ते विकून तिन्ही घरांची भरपाई केली, तरी नाव राहिलंच. 'सातबैले'. आबा त्या वेळी पाच वर्षांचे होते, त्यांना शाळेत 'सातबैले' म्हणायचे. मग मला म्हणायचे. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, गावात झेंडा व्हायचा तेव्हा आबा कडी लावून घरात बसायचे. मी एकोणिसाव्या वर्षी गाव सोडलं ते याच रागानं. ज्यानं मला शेवटचं 'सातबैले' म्हटलं, त्या पाटलाच्या नामदेवचे दोन दात पाडून.

आबा आता ब्याऐंशीचे आहेत, बीडला माझ्याकडंच असतात. डोळ्यांना कमी दिसतं, पण अजून अधूनमधून विचारतात, "तुला काय वाटतं रं, पळाले असतील का?"

आता सहलीचं. माझी मुलगी सारिका अंबाजोगाईला शिक्षिका आहे. गेल्या फेब्रुवारीत तिच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक, शेख सर, आठ-दहा जणांना मिनीबसमधून एका दिवसाची सहल काढणार होते. धर्मापुरीचं जुनं देऊळ, तिथला किल्ला, वाटेतले वीरगळ आणि शेवटी एका गावातलं हुतात्मा स्मारक. मी कशाला जाईन? पण सारिका म्हणाली, "नाना, दुकान सोडून काही बघितलंय का तुम्ही आयुष्यात?" मला राग आला, म्हणून गेलो.

बसमध्ये चढतानाच माझं सरांशी वाजलं. मी म्हणालो, "जेवण घरनं आणलंय, मग जेवणाचे पैसे कावून देऊ?" सर साठीच्या पुढचे, सडपातळ, खादीचा शर्ट. ते हसून म्हणाले, "नका देऊ नाना. पण दुपारी माझ्या डब्यातली खिचडी मागायची न्हाई." सगळी बस हसली. मी खिडकीकडं तोंड करून बसलो.

धर्मापुरीचं केदारेश्वराचं देऊळ मात्र बघण्यासारखं आहे, खोटं बोलणार नाही. भिंतींवर दगडाच्या बाया, एकीच्या पैंजणाचे घुंगरूसुद्धा मोजता येतील अशा. सर सांगत होते आणि मी ऐकत नाही असं दाखवून ऐकत होतो. मग वाटेत त्यांनी एका बांधाला लावून ठेवलेले वीरगळ दाखवले. लढाईत मेलेल्या माणसाची आठवण म्हणून जुन्या काळी गाव असा दगड उभा करायचं. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, वरच्या चौकटीत तो महादेवाची पूजा करतोय. एका दगडाच्या तळाला गायींची रांग होती.

सर म्हणाले, "हा गावची जनावरं वाचवताना मेला. राजा न्हाई, सरदार न्हाई. आठशे वर्षं झाली, पण गावानं त्याला इसरू दिलं न्हाई."

माझं डोकं एकदम सणकलं. मी म्हणालो, "गुरांपायी मेलेल्याला तुमी दगड करता. अन् गुरांपायी गेलेल्या आमच्या म्हाताऱ्याला गाव चोर म्हणतंय. हे कसलं शास्त्र?"

कुणाला काही कळलं नाही. सारिकाला कळलं. ती म्हणाली, "नाना, बसमध्ये बसा जरा." मी बसमध्ये गेलो नाही, तरातरा पुढं चालत गेलो. अर्ध्या किलोमीटरनं बसनं मला गाठलं तेव्हा घामानं सदरा भिजला होता. सरांनी आपली पाण्याची बाटली तेवढी पुढं केली.

शेवटचं गाव धर्मापुरीहून पाऊण तासावर. साडेतीन-चारची वेळ, लख्ख ऊन. गावाबाहेर स्मारक. सिमेंटचा चौथरा, खांब, खांबावर नावं. पलीकडं वीरगळांची एक ओळ. स्मारकाच्या अलीकडं लिंबाचं झाड आणि त्याला पार. सगळे स्मारकाकडं गेले. मी पारावर बसलो, स्मारकाकडं पाठ करून. हट्टानंच. मला दुसऱ्यांचे हुतात्मे बघायचे नव्हते.

आता जे लिहितोय ते जसं झालं तसंच लिहितोय. एक शब्द वाढवत नाही.

खांद्यावरचा रुमाल काढून मी मांडीवर टाकला होता. उजवा हात रुमालाखाली होता. झोपलो नव्हतो. समोर एक शेळी काटेरी कुंपणात तोंड घालत होती, ती मी बघत होतो. आणि रुमालाखाली कुणीतरी माझा हात धरला.

उजव्या बाजूला बघितलं. पार रिकामा. पण हात होता! दोरानं घट्टे पडलेला, कोरडा, गार. बाजारात हजार हात धरलेत मी, खरा हात कसा लागतो ते मला कळतं. त्यानं माझा पंजा धरला. पाच. सोडला. मग दोन बोटं धरली. सात.

माझी सवय बघा... घाबरायचं सोडून मी उलट त्याची बोटं दाबली! मी चार दिले. का दिले, कशाचे दिले, देव जाणे. सत्तावीस वर्षांचं वळण, कुणी आकडा दिला की कमी मागायचं. त्या हातानं पुन्हा पंजा धरला, पुन्हा दोन बोटं. सात. जरा जोरात. मी पाच दिले. मग मात्र त्यानं जे केलं, ते आजवर कुठल्याच बाजारात माझ्याशी कुणी केलं नव्हतं. त्यानं माझा अंगठा धरला, तळहातावर आडवा दुमडला आणि वरून माझी चारही बोटं एकेक करून मिटवली. माझी मूठ करून मलाच दिली. क्षणभर ती मूठ आपल्या हातात धरली आणि सोडली.

रुमाल हलला नव्हता. शेळी तिथंच होती. मी रुमाल उचलून बघितला. माझी मूठ मिटलेली, अंगठा आत.

ऊन लागलं असेल, डोकं तापलं असेल, सात हा आकडा तर जन्मभर डोक्यात बसलेलाच. हे सगळं मी तेव्हाच स्वतःला सांगितलं. पण एकटं बसवेना, म्हणून उठून माणसांत गेलो.

सगळे वीरगळांच्या ओळीच्या टोकाला उभे होते. शेवटचा दगड जुना नव्हता. ओबडधोबड, शेंदूर लावलेला. सर सांगत होते, "खांबावर चार नावं हायत, ती गावातल्यांची. खाली पाचवी ओळ बघा — 'एक अनोळखी बैलव्यापारी'. हा दगड त्याचा. रझाकारांची टोळी गावावर चालून आली त्या दिवशी हा माणूस बैलं घेऊन इथं पाण्याला थांबला होता. टोळीवाल्यांना गाड्यांसाठी बैलं पायजे होती. त्यांनी पैसे देतो म्हणून सांगितलं. हा म्हणाला, ही लोकांची हायत, माझी न्हाईत. दिली न्हाई. इथंच मारला त्याला."

कुणीतरी विचारलं, "अन् बैलं?"

"गावातल्या पोरांनी त्या गडबडीत ओढ्यात हाणली. वाचली. गावानं वरीसभर मालकाची वाट बघितली. परळीच्या बाजारात दवंडी दिली. कुणीच आलं न्हाई. मग ज्या घरांनी ती बैलं वापरली, ती घरं आजपण पोळ्याची पहिली पोळी बैलाला न्हाई, ह्या दगडाला ठेवतात."

एक कॉलेजचं पोरगं हसत म्हणालं, "सर, ही बैलं हायत का शेळ्या?"

सरही हसले. "माझ्या आजोबांनी केलाय दगड, ह्याच गावचे ते. पाटे-वरवंटे घडवणारा माणूस, त्याला बैल कुठले येणार? माणसाच्या हाताला बघा, चारच बोटं काढलीत. अंगठा राहून गेला म्हाताऱ्याचा."

मी गर्दीतून पुढं घुसलो. दगडावर एक माणूस, हात वर केलेला, मूठ मिटलेली. चार बोटं. अंगठा नाही. त्याच्या पायाशी बैलांची रांग. मी बोट लावून मोजली. सात. सातव्याला एकच शिंग होतं.

पुढचं मला नीट आठवत नाही. सारिका सांगते की मी सरांची गचांडी धरली आणि ओरडलो, "हे शिंग तुटलंय का मुद्दाम एकच काढलंय? खरं सांगा!" सरांनी हात सोडवला नाही. म्हणाले, "आवं नाना, मुद्दाम काढलंय. दादाजान सांगायचे, त्यातला एक बैल एकशिंग्या व्हता, मालक मेला तरी जागचा हलंना." मग मी खाली बसलो आणि रडलो. साठीला टेकलेला माणूस, दहा अनोळखी लोकांसमोर. माझी आजी मरेपर्यंत त्या एकशिंग्याच्या गोष्टी सांगायची. कुत्र्यासारखा आजोबांच्या मागं चालायचा, म्हणायची.

सारिकाकडून सगळं ऐकून सर माझ्याशेजारी मातीत बसले. मग म्हणाले, "तीस वरसं लोकांना हितं आणतोय मी. बायको म्हणती, त्या दगडात तुमचं काय पुरलंय? आज तिला सांगतो."

सरांनी बोलावल्यावर समोरच्या घरातून गयाबाई नावाच्या आजी आल्या. नव्वदीला टेकलेल्या, काठी घेऊन. त्यांच्याच दारात आजोबा त्या दिवशी पाणी प्याले होते. त्या तेव्हा लहान होत्या. त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांनी धरून निरखलं. "लई उशीर केला बाबा," एवढंच म्हणाल्या. मग दगडाकडं वळून, "मेल्यावरबी मूठ उघडंना त्याची. माझ्या बापानं लई बघितलं उघडून. तशीच मूठ घेऊन गेला."

आजोबा नेकनूरचं सांगून भलत्याच दिशेला इतक्या लांब का आले? मला वाटतं, त्या दिवसांत तिकडची वाट धोक्याची झाली असणार, म्हणून ते परळीकडं वळले. आमची माणसं एका वाटेवर शोधत राहिली, हे गाव दुसऱ्या बाजारात दवंडी पिटत राहिलं. एवढ्या चुकीवर तीन पिढ्या गेल्या.

घरी आलो. आबांना सगळं सांगितलं. दगड, सात बैलं, एकशिंग्या. ते भिंतीला टेकून ऐकत होते. हाताचं मी सांगणार नव्हतो, म्हातारा माणूस, उगीच घाबरायचा. पण माझ्या पोटात राहिलं नाही. मी त्यांचा हात घेतला, पंजा धरला, दोन बोटं धरली, आणि त्यांचा अंगठा दुमडून वरून बोटं मिटवली.

आबांनी हात ओढून घेतला.

"हे तुला कुणी शिकिवलं?"

"कुणीच न्हाई."

"खोटं बोलू नको. मी तर न्हाई शिकिवलं तुला."

"आबा, ह्याचा अर्थ काय?"

मग त्यांनी सांगितलं. ही खूण फक्त आमच्या घरातली. आजोबांनी काढलेली. चुलतआजोबांनी ती आबांना लहानपणी एकदाच दाखवली होती. अंगठा आत, मूठ बंद. 'विकायचं नाही.' आबा म्हणाले, "तुला कशाला शिकवू? बा गेल्यावर आपल्यावर सगळंच विकायची पाळी आली. न्हाई विकायचं म्हणायची येळच कवा आली न्हाई."

मी सरांना फोन केला. म्हणालो, तुमच्या आजोबांचा अंगठा राहिला नव्हता सर, तो मुठीच्या आत आहे.

आबांना मी लगेच घेऊन जाणार होतो. ते म्हणाले, "आडदिवशी न्हाई. पोळ्याला जाऊ. पोळी घेऊन." उन्हाळ्यात ते दोनदा दवाखान्यात होते. दुसऱ्या खेपेला डॉक्टर माझ्याशी बाजूला जाऊन बोलले. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढं तरी घासाघीस न करता हात जोडले, कुणापुढं ते मला माहीत नाही. म्हटलं, फक्त पोळ्यापर्यंत.

पोळ्याला आबा स्वतःच्या पायानं जीपमध्ये चढले. जायच्या आधी मी एक काम केलं होतं. चाळीस वर्षांनी गावात गेलो आणि त्या तीन घरांच्या दारात उभं राहून सांगितलं, तुमची बैलं कुठं गेली ते बघायचं असेल तर चला. भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. दोन घरांतलं कुणी आलं नाही. तिसऱ्या घरातला आला, तोच नामदेव, ज्याचे मी दात पाडले होते. दगडासमोर तो खूप वेळ वाकून बघत होता. मग मला म्हणाला, "ह्यातली आमची जोडी कोणती बे?"

मी म्हणालो, "सगळ्या शेळ्याच हायत. घे कोणती बी."

तो हसला, आणि हसता हसता त्यानं आबांच्या पायावर डोकं ठेवलं. माझा सगळा राग गेला असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी तो शोधूनही सापडला नाही.

पहिली पोळी आबांनी ठेवली. गयाबाईंचा नातू, सर, सारिका, सगळे होते. खांबावरची पाचवी ओळ बदलायचं गावानं आधीच ठरवलं होतं. सरपंचांनी विचारलं, "आबा, नाव कसं लिहायचं?" आबांनी पूर्ण नाव सांगितलं आणि म्हणाले, "खाली 'बैलव्यापारी' ठेवा. ते खोडू नका."

मग त्यांनी माझा रुमाल मागितला. लिंबाच्या पारावर, मी बसलो होतो तिथंच बसले, हातावर रुमाल टाकला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे लांब उभे राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग त्यांनी रुमाल काढून घडी घातली. काही झालं नव्हतं. हक्क त्यांचा होता, जन्मभर वाट त्यांनी बघितली, आणि हात आला तो माझ्या हातात, मी पाठ करून बसलेलो असताना. असं का, हे मला अजूनही समजत नाही. मी दोन डॉक्टरांना विचारलं, सरांना विचारलं. सर म्हणतात, आपण आभार मानावेत आणि गप्प बसावं. मी आभार मानतो. त्या गावाचे, गयाबाईंचे, बैल काढता न येणाऱ्या त्या दगडवाल्या म्हाताऱ्याचे. गप्प बसणं मला जमत नाही.

परतताना जीपमध्ये मी आबांना विचारलं, "कुणी आपला अंगठा असा दुमडला, तर समोरच्यानं काय करायचं असतं?"

"काय करायचं? हात सोडायचा. त्याच्यापुढं इचारायचं नसतं."

मी त्या दिवशी हात सोडला नव्हता. तो त्यानंच सोडला. म्हणून आता मीही पुढं विचारत नाही.